उजनीच्या पाण्यातलं बंदर

४ नोव्हेंबर १९९५
भवानीनगरला साखर कारखान्यात बारा वर्षं फिटर आहे, पण माझं खरं काम काय ते आज कळलं. बारामतीच्या वाचनालयात एक अंक चाळला. डेन्मार्कात पवनचक्क्या भर समुद्रात उभ्या करतात. त्यासाठी आधी बंदर लागतं. इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, हा मुद्दा गौण. आमच्या गावाला लागून उजनी धरणाचं पाणी आहे. चक्कीची वीज, विजेनं पाण्यातून हायड्रोजन, हायड्रोजनवर नावा. तूर्त कुणाला सांगायचं नाही.
दुपारी करुणाला सांगितलं. बायको म्हणजे परकं माणूस नव्हे. तिनं विचारलं, हायड्रोजन पेटतो ना? म्हटलं, म्हणूनच तर हवा.

५ नोव्हेंबर
अप्पांना प्लॅन दाखवला. म्हणाले, आपलं जुनं घर ह्याच पाण्याखाली हाय, तितं काय उभं ऱ्हायलं? वडिलांचा विरोध भावनिक आहे. टेक्निकल नाही.

१९ नोव्हेंबर
जागा ठरली. तात्याबांच्या नावेचा काठ. पूर्वी त्यांची मेंढरं होती. रान बुडालं तेव्हापासून पलीकडच्या काठाला माणसं सोडतात. त्यांना हायड्रोजन समजावला. शांतपणे ऐकून म्हणाले, फिटर, मला फक्त चिखलात उतरणाऱ्या बायांसाठी फळ्या टाकून दे. दूरदृष्टी कमी आहे.

७ जानेवारी १९९६
बंदर तयार! बारा रिकामे ड्रम, वर बांबू आणि फळ्या. बाया पाय न भिजवता नावेत चढल्या. त्यातल्या ठमाबाई म्हणाल्या, बरं झालं बाबा. इथंच थांबावं असं करुणा म्हणाली. ही सुरुवात आहे, हे तिला कसं कळणार!

११ फेब्रुवारी
बंदरावर चक्की उभी केली. पाती गोठ्याच्या पत्र्याची. अप्पा म्हणाले, म्हशीनं कुठं बसायचं? उत्तर तयार करतोय.
वारा नाही.

१२ फेब्रुवारी
वारा नाही.

३ मार्च
वारा नाही, पण विज्ञान थांबत नसतं. बॅटरीनं बाटलीतल्या पाण्यात हायड्रोजन काढला. मी भरपूर बुडबुडे पाहिले. करुणा चार म्हणते. ती शाळेत गणित शिकवते, तिला बारीक मोजायची सवय.

२४ मार्च
उन्हाळ्यानं पाणी मागं सरकलं. बंदर चिखलात. सहा जणांनी ओढून दीडशे फूट पुढं नेलं. अंगात कणकण.

३१ मार्च
पाणी पुन्हा मागं. बंदर पुन्हा पुढं. तात्याबा म्हणाले, पाण्याच्या मागं किती पळशील?

१८ एप्रिल
मोठा विजय. माझ्या अर्जावरून पुण्याचे ऊर्जा अधिकारी पाहणीला येणार, शनिवारी. बंदराला नाव बांधलेली दिसली पाहिजे. तात्याबा म्हणाले, माझी नाव काठाच्या खुंट्यालाच बरी. मी हमी दिली. माझ्या बंदराइतकी सुरक्षित जागा तालुक्यात नाही. माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या हातानं दोर बांधला.

२० एप्रिल, शनिवार, संध्याकाळी साडेपाच
वळीव आला. वारा आला! चक्की फिरली, चांगली चार मिनिटं. मी टाळ्या वाजवल्या. मग बंदर ज्यांना बांधलं होतं त्या काठावरच्या दोन लोखंडी पहारी उपटल्या आणि चक्कीसकट बंदर पाण्यात निघालं. मागोमाग नाव. तात्याबा छातीइतक्या पाण्यात धावले. मी ओरडलो, दोर कापा. कोयता माझ्याच हातात होता.
नाव खडकावर आपटून मधोमध फुटली. तात्याबा काठावर आले. डोक्याचं मुंडासं सोडून पिळत राहिले.
अधिकारी पावसामुळं आले नाहीत.

२ मे
अधिकारी आले. काठ बघितला. शेरा: जागेवर काहीही आढळले नाही. म्हणजे दोषही आढळला नाही.


१९ मे
नाव दुरुस्त करतोय. फळी ठोकली, डांबर लावलं. जरा गळते. लाकूड फुगलं की थांबेल.
पलीकडं जायचं तर एसटीनं दोन तासांचा वळसा. ठमाबाई आता माझ्याकडं बघत नाहीत.

९ जून
तात्याबा लोणी देवकरला एका फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलेत. नाव बघायला चला, म्हणून सांगायला गेलो. खाकी शर्ट त्यांना मोठा होतोय. बघून हसले, खुर्ची दिली. म्हणाले, आता नाव नगं फिटर, पाण्याकडं बघवत न्हाय.
मग साहेबांची गाडी आली तसे उठून उभे राहिले. गेटाच्या आत बसलेल्या प्रत्येकाची नोंद लागते म्हणाले, आणि रजिस्टर पुढं केलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढच्या रकान्यात होतं: काम काय?
पेन टेकवलं, पुन्हा उचललं. तात्याबा म्हणाले, ऱ्हाऊ दे कोरं.