ताईचं वाक्य, आवृत्ती तिसरी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून जितका घालता येतो तितका.) तुझी तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, आणि शिलाई मशीनचा पट्टा बदललास की अजून दोऱ्याने बांधूनच चालवतेस? इकडे मी खुशाल आहे. वजन वाढलंय, अक्कल होती तिथेच आहे. फोन सोडून हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र बाजूला ठेवलंस तरी ते संपत नाही.

तू नेहमी विचारतेस की मी ऑफिसात नेमकं करतो काय, आणि मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून वेळ मारून नेतो. आज सांगतोच. आमच्याकडे ढीगभर कॉम्प्युटर आहेत आणि ते सगळे एकसारखे तयार करायचे असतात. प्रत्येकापाशी जाऊन बसायचं तर जन्म जाईल, म्हणून सूचना एकदाच लिहून ठेवायच्या. यंत्र त्या वाचतं आणि निमूटपणे कामाला लागतं. (घरात असं कुणी मिळालं असतं तर!) सूचना चांगल्या जमल्या की त्यांचं पॅकेज बांधून इंटरनेटवर खुलं ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलावं. थोडक्यात, तुझं फ्रॉकचं कागदी कटिंग. कागद एकच, माप ज्याचं त्याचं. हे काम तुम्हीच करू जाणे, असं म्हणून आमच्या मॅडमनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो.

पहिली अडचण नावाची. जे सुचावं ते आधीच कुणीतरी घेतलेलं. दुपारभर मी नाव ठेवत बसलो आणि पुढे आठवडाभर लोक नावं ठेवत बसले, कारण माप मोकळं सोडायचं तिथे मी आमचंच माप शिवून टाकलं होतं. आमच्या जिन्याखालच्या प्रिंटरचं नाव सूचनांत तसंच राहिलं, आणि कुठकुठल्या देशांतली यंत्रं तो प्रिंटर शोधत फिरू लागली. (तो आम्हालाही सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.) बरं, चूक गुपचूप दुरुस्त करावी, तर तीही सोय नाही. एकदा बाहेर गेलेली आवृत्ती बदलता येत नाही. नवा आकडा घालून नवी आवृत्ती काढायची, आणि आधी काय चुकलं होतं ते सोबत लिहायचं, चारचौघांत.

पण खरी गंमत शेवटच्या ओळीची. काम संपलं की पडद्यावर एक निरोप येतो. वापरणाऱ्याने तिथे स्वतःचा निरोप लिहायचा. नाही लिहिला तर मी घातलेला दिसतो. तपासताना मी तिथे तुझं वाक्य घातलं होतं, संध्याकाळी फोनवर, ओठांत टाचण्या धरून तू म्हणायचीस ते: ‘झालं ना काम? मग ऊठ आणि जेवून घे. – ताई.’ ते काढायचं राहून गेलं. माणसं पडली आळशी, निरोप बदलतंय कोण! जिथेतिथे तूच. एका बँकेने कळवलं की आमच्या यंत्रणेत अनोळखी लिपीतली धमकी आली आहे. (तुझ्या आवाजात ऐकली तर ती धमकीच आहे.) मॅडमनी मला बोलावून अर्थ विचारला. मी सांगितला. त्या आपला डबा घेऊन उठल्या. तरी शिस्त ती शिस्त. दुसऱ्या आवृत्तीत मी प्रिंटर काढला आणि तुलाही काढलं.

त्यावर एक तक्रार आली. कुठल्याशा गोदामात एकट्याने कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. त्याने वाक्याचं भाषांतर करून घेतलं होतं आणि रोज ते दिसलं की तो उठायचा. आता यंत्र नुसतं ‘पूर्ण’ म्हणतं आणि तो बसूनच राहतो. काम नीट होतंय, पण ही ताई कोण आणि ती गेली कुठे, एवढंच त्याने विचारलं होतं.

मलाही तेच विचारायचं होतं. भाऊजी गेल्यापासून तुझा संध्याकाळचा फोन बंद झाला. मी केला तर तू ‘जेवले’ म्हणतेस. पण मागच्या खेपेला मी आलो तेव्हा जेवायच्या टेबलावर कापड पसरलेलं होतं आणि भाऊजींच्या खुर्चीवर कतरणांची पिशवी. एकटीसाठी काय मांडायचं, असं तू म्हणालीस आणि मी नुसतं हूं केलं. तेव्हापासून मला तुझी फार काळजी वाटते, ताई. मीही ताट वाढून घेत नाही. (वजन वाढल्याचं वर लिहिलंय ते खरं आहे; ती सगळी उभ्याने खाल्लेली बिस्किटं.)

बाकी क्षेम. लोभ वाढवायला सांगत नाही, माझ्या वजनासारखा तो आपणहून वाढतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पॅकेजसोबत परवाना लावावा लागतो. वाक्य तुझं असल्यामुळे तुझी लेखी परवानगी हवी, असा मॅडमचा आग्रह आहे. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

आणखी ता. क. मॅडम असं काही म्हणालेल्या नाहीत. तिसरी आवृत्ती मी कालच बाहेर काढली. तुझं वाक्य तिच्यात आहे आणि आता ते बदलता येत नाही. गोदामातल्या माणसाने ‘उठलो’ एवढंच कळवलंय.

शेवटचा ता. क. मागणं वेगळंच आहे. टेबलाचा एक कोपरा मोकळा कर. संध्याकाळी ताट वाढून घे आणि मग मला फोन लाव. मीही ताट घेऊन बसतो. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. एवढ्या लोकांना तू उठवतेस आणि तुला सांगायला कुणी नाही, हे मला चालणार नाही. झालं ना वाचून? मग ऊठ आणि जेवून घे.