पितळी वाटीतलं दूध

भाजे, मंगळवार, जुलै १९५७

आज ती वाटी बंद केली. मला फ्लूचा ताप चढल्यापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझं दूध त्या पितळी वाटीत पिळायला लावत आणि परसात ओतून येत. "तुजा ताप दुधातनं पोरीच्या अंगात जाईल," म्हणे. दोन महिन्यांची माझी शकू गाईच्या पाणी घातलेल्या दुधावर नुसती कळवळत होती.

दुपारी कार्ल्याच्या नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "हा ताप खोकल्यातून, श्वासातून जातो, दुधातून नाही. उलट त्याच्याशी लढायला तुझ्या अंगात जे तयार होतंय, ते दुधातून हिला मिळेल. हात धू, नाकातोंडाला फडकं बांध आणि पाज."

आत्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी बघते तर शकूला उराशी धरून खोकतायत, आणि वर तिचे मुके घेतायत! माझं डोकंच फिरलं. पोरीला जवळजवळ ओढूनच घेतलं. "आत्याबाई, तुमचा खोकला चालतो, आन माजं दूध तेवढं न्हाई व्हय?" दुसरं फडकं त्यांच्या पुढ्यात टाकलं. "घ्या, तुमीबी बांदा."

जास्त बोलले का? असेन. माफी मागणार नाही.

शकू पोटभर प्यायली, झोपली. मग ती वाटी राखेने घासली, तीत आमटी घेतली आणि दीड भाकरी कुस्करून खाल्ली. आत्याबाई बघत होत्या, फडकं बांधून.