पहिली दहा अक्षरं

सोमवार, ३ नोव्हेंबर
नक्की झालं. भट्ट्यांच्या तापमानाचा माझा प्रोग्राम विशाखाच नव्या भाषेत उतरवणार — मॅनेजर आप्पासाहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. शेंद्र्याच्या या कारखान्यात बावीस वर्षं मी तो सांभाळला! करमाडच्या या पोरीला येऊन आठ महिने झाले. मला म्हणतात, "गोकुळराव, आता जरा आराम करा." आराम!

मंगळवार, ४
तिनं प्रोग्रामात तापमान साठवायच्या कप्प्यांना दिलेली नावं बघितली. एकेक नाव ओळभर! आमची जुनी भाषा नावाची पहिली दहा अक्षरंच वाचायची, पुढचं सोडून द्यायची. दहांत नाव बसवणं हीच आमची कारागिरी. हिला ती करावीच लागत नाही.
दुपारी सगळे तिच्या टेबलाभोवती. माझा चहा गार होऊन आला.

गुरुवार, ६
चाचणी फसली! नव्या प्रोग्रामात एक नंबरची भट्टी दोन नंबरपेक्षा चाळीस अंशांनी थंड दिसते. माझ्या अहवालात दोन्ही कायम सारख्या. आप्पासाहेब तिला म्हणाले, "चाललेलं बिघडवू नका." ती म्हणाली, "गोकुळसरांना विचारून सोमवारी सांगते."
मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू?
एक नंबरवरचा कडुबा जाताना म्हणाला, "पोरगी खरं बोलायली, साहेब. भट्टी थंडच हाय. दोन वर्षं सांगायलो, कोण ऐकतंय?" माल कच्चा निघतो म्हणून त्याला दोन मेमो मिळालेत. तिसरा मिळाला की घरी.

शुक्रवार, ७
विशाखा माझ्याच जुन्या प्रोग्रामाचा कागद घेऊन आली. दोन ओळींखाली पेन्सिलची रेघ.
दोन वर्षांपूर्वी दुसरी भट्टी आली, तेव्हा दीड दिवसात घाईनं जोडलेल्या ओळी. दोन लांब नावं — फरक फक्त शेवटच्या आकड्यात, दहा अक्षरांच्या पुढं. म्हणजे जुन्या भाषेला दोन्ही एकच! एक नंबरचं तापमान यायचं, लगेच त्यावर दोन नंबरचं बसायचं. दोन वर्षं मी एकाच भट्टीचं तापमान दोनदा छापलं.
"कुणाला बोलले नाही, सर," म्हणाली आणि कागद माझ्यापाशी ठेवून गेली.
तिच्या या गप्प राहण्याचाही हेवा वाटला.

रविवार, ९
उद्या दहाला बैठक. कडुबाचा तिसरा मेमो तिथंच निघणार. विशाखा बोलायची नाही.
कागद शर्टाच्या खिशात ठेवलाय. आधी मीच उभा राहणार.