एकोणीस सेकंद

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

फाइल उघडत नाही!

माझं २०११ चं भाषण. मराठी भाषा दिनाचं, झाशीच्या मराठी मंडळातलं. चौदा वर्षं जपलेली फाइल, आणि प्लेअर म्हणतो, ओळखत नाही. मंडळाच्या त्या जुन्या व्हॉइस रेकॉर्डरने स्वतःचाच एक फॉरमॅट वापरला होता. कंपनी केव्हाच बुडाली.

आणि भाषण मला सत्तावीसला हवंच आहे. त्या दिवशी ठराव आहे – मुलांचा रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करायचा, तो निव्वळ मराठीत की हिंदी मिसळून. महेश, आमचा सचिव, मिसळण्याच्या बाजूचा. 'ताई, बबीना छावणीतली फौजींची मुलं पहिल्याच रविवारी पळतील.' म्हटलं, आधी भाषण ऐका, मग हात वर करा. अकरा साली सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं. टाळ्या थांबेनात.

महेश म्हणतो, एखाद्या वेबसाइटवर चढवा, बदलून मिळेल. का म्हणून? आपला आवाज परक्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचा आणि तो देईल ते निमूट घ्यायचं? ऑडिओ-व्हिडिओ फायली उघडणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा सोर्स कोड खुला आहे. हा फॉरमॅट वाचणारा डीकोडर तिच्यात आहे. तयार पॅकेजात तो बंद ठेवलाय, एवढंच. मी रेल्वे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात सव्वीस वर्षं काढली. सोर्स कोड कंपाइल करून ती लायब्ररी स्वतः बांधीन.

१८ फेब्रुवारी

बांधणीला लागणारा असेंबलर नावाचा प्रोग्रॅम मशीनवर नाही म्हणून अडलं. टाकला. पुढच्या पायरीवर पुन्हा अडलं. जेवण गार.

१९ फेब्रुवारी

लिनक्सवर झालं! अकरा मिनिटं पडद्यावर ओळी धावत होत्या, मी खुर्चीतून हलले नाही. फाइल उघडली. माझा आवाज – किती तरुण, किती धारदार.

पण बत्तिसाव्या मिनिटाला धक्काच बसला. 'परक्या भाषेला दार आधी आपणच उघडतो, आपल्याच घरात' – या वाक्यावर सभागृह उठलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये त्या वाक्यानंतर काहीच नाही. एकोणीस सेकंद शांतता. मग थोडं हसू, आणि पुन्हा मी.

टाळ्या कुठे गेल्या? डीकोडर आवाजाची पाकिटं, म्हणजे तुकडे, गाळतोय. माझ्या बांधणीतच खोट असणार.

२१ फेब्रुवारी

खोट कुठे आहे ते पाहायला मंडळातल्या विंडोजच्या मशीनवर पुन्हा बांधायला बसले. फोल्डरला नाव दिलं 'मराठी मंडळ'. दोन तास नुसत्या चुका. कारण काय, तर नावातली मोकळी जागा आणि देवनागरी! आपल्या लिपीत आपलं नाव लिहिलं तर बांधकाम कोसळतं – यावर एक स्वतंत्र भाषण होईल. शेवटी 'mm' असं नाव दिलं. हार मानल्यासारखं वाटलं.

महेश चहा घेऊन आला. 'ताई, लोक चार क्लिकमध्ये गाणं ऐकतात. तुम्ही कारखाना उघडलाय.'

'कारखाना होता म्हणून झाशीत आपण आहोत,' मी म्हटलं.

पन्नास मिनिटांनी झालं. बत्तिसावं मिनिट. तीच शांतता, तेवढेच एकोणीस.

'टाळ्याच हव्यात ना?' महेश म्हणाला. 'सत्तावीसला मी वाजवतो.'



२३ फेब्रुवारी

उर्वीचा मॅक मागितला. माझी मुलगी, तेवीस वर्षांची, घरातूनच नोकरी करते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. कित्येक वर्षं असंच चाललंय. 'आई' हा एकच मराठी शब्द तिच्याकडे उरलाय. शाळा हिंदी, शेजार बुंदेली – दुसरं काय होणार, असं मी लोकांना सांगते.

'कौन सी फाइल, आई?'

'अकराचं भाषण.'

'इसमें मत करो.'

'का गं?'

'स्पेस नहीं है.'

संध्याकाळी मात्र स्वतःच मॅक आणून टेबलावर ठेवला. 

२४ फेब्रुवारी

मॅकवरही झालं. एकोणीस.

२५ फेब्रुवारी

मग तिन्ही ठिकाणच्या आवाजाचे चेकसम काढले. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी हा आकडा बदलतो. तिन्ही आकडे सारखे! तीन मशीन, तीन कंपायलर, साक्ष एकच.

म्हणजे बांधणीत खोट नाही. काही गळालेलं नाही. शांतता सभागृहातच होती.

मग मला आठवतात त्या टाळ्या कुठल्या?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. सकाळी तेवढाच तुकडा कापला, आवाज तीसपट वाढवला. आधी पंख्याची घरघर. मग माइकपासून दूर, माझा आवाज.

'बोल. मराठीत बोल. बोलल्याशिवाय खाली जायचं नाही.'

आणि श्वास. लहान मुलाचा, अडकत अडकत घेतलेला. मग कोणीतरी हसलं, आणि बाकीचे हसले.

मी उर्वीला मंचावर बोलावलं होतं. आता आठवतंय – निळा फ्रॉक, एक वेणी सुटलेली. नऊ वर्षांची पोर. 'माझ्याच घरातलं उदाहरण देते' म्हणून भर सभेत उभी केली. आणि ते हसू मी चौदा वर्षं टाळ्या म्हणून सांगत आले. खरंच विसरले होते की विसरून घेतलं? 

मान वर केली तर उर्वी दारात, नजर पडद्यावरच्या तुकड्याच्या लांबीवर – ०:१९.

'उन्नीस ही थे?' ती म्हणाली. 'मुझे लगा था घंटा भर.'

मी आवाज बंद केला. 

ती आत गेली. थोड्या वेळाने साबुदाण्याची ताटली समोर ठेवून गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भाषण वाजवलं नाही. महेशला सांगितलं, तिन्हींवर बांधलं, फाइल काही उघडली नाही. 'पण एकवीसला इथेच तर वाजली...' तो म्हणाला, मग माझ्या तोंडाकडे बघून खुर्च्या लावायला वळला. मंडळात कोणीतरी म्हणालं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वेबसाइटवर टाकायची होती. ऐकून घेतलं. ठराव आला – हिंदी मिसळून. मी हात वर केला.

घरी आल्यावर उर्वीने स्क्रीनवरून डोळे न काढता विचारलं, 'रिकॉर्डिंग चला दी?'

'नाही. सांगितलं, फाइल उघडतच नाही.'

टाइप करणं थांबलं.

'माझ्या मशीनवर तर चाललं होतं,' ती मराठीत म्हणाली.

मी मागे वळले नाही. चपला काढत राहिले.