ईस्टरआधीचा पांढरा सूट

बेलफील्ड, मिसिसिपी
३ मार्च १९५८

लाडक्या डेल्फीन,

आम्ही सगळे धडधाकट आहोत, कुत्रासुद्धा. बाकी खुशाली नंतर, आधी तुझ्या कादंबरीचं ऐक!

अख्ख्या गावाने विकत घेतली गं. बड्या कापूसवाल्या घराण्याची कहाणी, तीही घरातल्याच मुलीने लिहिलेली! कुणाकुणाची लफडी बाहेर येणार म्हणून चर्चमधल्या बायका टपूनच बसल्या होत्या. आणि निघालं काय? सगळे गोड, सगळे शहाणे. मिसेस पेटीग्रू माझ्या तोंडावर म्हणाली, पैसे वाया गेले. मॉडी आत्या तर रुसलीय, तिची दारू पुस्तकात कुठेच नाही म्हणून. खरं सांगू? मलाही कंटाळा आला. त्यातली थोरली बहीण इतकी गुणी आहे की ती मी आहे हेच मला आधी कळेना.

डॅडींना सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. तू गिरणीतल्या मेकॅनिकशी लग्न केलंस तेव्हापासून या घरात तुझं नाव निघत नाही, तुला ठाऊकच आहे. पण परवा त्यांनीच कुठूनसं मागवलेलं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. त्यांची नजर अधू झालीय, म्हणाले वाच. मी वाचत गेले, ते पेंगत राहिले. मग ते शेवटचं पान आलं. मुलगी शिकागोहून येते, बसमधून उतरते, आणि म्हातारा बाप पांढरा सूट घालून तिला न्यायला उभा.

डॅडी खाडकन जागे झाले. "खोटं आहे. मी कुठे गेलो होतो?"

मीही इरेला पेटले. "गेलाच नव्हतात. मलाही जाऊ दिलं नाहीत. पोरगी संध्याकाळपर्यंत स्टँडवर वाट बघून तशीच परत गेली."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "ते पान पुन्हा वाच."

आज सकाळी बघते तर पांढरा सूट कपाटातून काढून खुर्चीवर टाकलेला, इस्त्रीसाठी. ईस्टरला अजून महिना आहे गं! ईस्टरआधी पांढरं घालायचं नाही हा रिवाज मोडला म्हणून याच माणसाने सख्ख्या भावाला चर्चच्या दारातून घरी पिटाळलं होतं. मी म्हटलं, लोक हसतील. तर म्हणाले, "हसू देत. तिला लिही, बसनेच ये म्हणावं." आणि जिना चढता चढता, माझ्याकडे न बघता, "त्यालाही आण म्हणावं."

तुझी कादंबरी फसलीय ती फसलीच, त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. तू फक्त कुठल्या बसने येतेस ते कळव. सूट इस्त्री करून ठेवलाय.

पुस्तकातल्याइतकी मुळीच गुणी नसलेली,
तुझी थोरली,
ब्यूला