खेकड्याच्या दोन ताटल्या

एल्डन,

यंदाही त्रिनिदादहून बोटीनं टोबॅगोला आले. किनाऱ्यावरच्या सगळ्या टपऱ्यांतून बायका हाका मारत होत्या, पण आपली टपरी ठरलेली. मी सरळ मिस ऑर्लीनच्या बाकावर जाऊन बसले. तिनं न विचारताच खेकड्याच्या रश्शाच्या दोन ताटल्या पुढ्यात ठेवल्या.

"नवरा कुठाय? गाडी लावतोय वाटतं?"

"हो," म्हणाले.

"मिरचीची बाटली लपवलीय म्हणावं. मागच्या खेपेला अर्धी संपवली मेल्यानं."

मला हसू आलं. मग मी रम उघडली आणि पहिला घोट वाळूवर ओतला. दरवर्षी तू ओतायचास, तुझ्या गेलेल्या बाबांचं नाव घेऊन. आज माझ्या तोंडून तुझं नाव निघालं.

मिस ऑर्लीन फडक्याला हात पुसत आत गेली, लपवलेली बाटली घेऊन आली आणि त्या ओल्या वाळूवर चांगली चमचाभर मिरची ओतली.

"त्याशिवाय गिळायचा नाही तो," म्हणाली.

तुझीच,
दोन्ही ताटल्या संपवून उठलेली
व्हर्ना