वशाट म्हणालो की जनावर?

कोन, रविवार

तीर्थस्वरूप सावळारामदादा यांना कोनहून मनोजचा वाकून नमस्कार.

पाकीट बघून काळजात धस्स झालं असेल तर आधी सांगतो, तुमची बहीण माधवी बरी आहे. मणक्याचे टाके सुकले. वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते आणि तिथून मला ओरडते, म्हणजे आवाजाला तर काही झालेलंच नाही. गुणावहिनींचा गुडघा कसा आहे? भाताची झोडणी उरकली का? (भात हा शब्द लिहितानाच तोंडाला पाणी सुटलं, ते का ते पुढे येईल.) फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात फोन स्पीकरवरच लावायचा असा माधवीचा कायदा आहे, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. शैलेश टेम्पो घेऊन तुमच्या बाजूला येतो आहे, त्याच्याकडे देतो. वाचून झालं की चुलीत घाला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आपण दोघं आमच्या गावदेवीपुढे उभे होतो, ते तुम्ही विसरला नसाल. पाय पुन्हा चालतील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी हात जोडले, मोठ्याने नवस बोललो आणि माझं सगळ्यात आवडतं ते पुढच्या जत्रेपर्यंत सोडलं. तुमच्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. घरी मी नवसाचं नाव काढलं नाही, कारण माधवीला कळलं असतं तर तिने माझ्यावर कडी म्हणून जेवणच सोडलं असतं. आता माझा लौकिक तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरात सोमवारी तेवढं मटण-मासळीचं वशाट नसायचं आणि सोमवारी मी शेजारी जेवायचो. अशा माणसाने एका सकाळी घरात जाहीर केलं, की आजपासून मटण, मासळी, अंडी, दूध, दही, तूप सगळं बंद, तब्येतीसाठी. (दूध कशाला, ते शेवटी सांगतो. त्यातच सगळी मेख आहे.) माधवीने पडल्या पडल्या कपाळाला हात लावला. रुचिका मात्र, तुमची भाची आता कॉलेजात आहारशास्त्र शिकते ना, ती टाळ्या वाजवत ओरडली, "पप्पा व्हीगन झाले!" आणि मोबाइलवर माझा फोटो टाकून तिने तो शब्द गावभर केला.

दुसऱ्या दिवशी नारपोलीला आमच्या सुताच्या सायझिंग कारखान्यात पाऊल टाकलं तर बाबू फिटर हात पुढे करून उभा. "शेठ, वॅगन घेतली म्हणे! पेढा किधर है?" दादा, भिवंडीत चाकं नसलेली गोष्ट कोणाला पटकन कळत नाही. मी समजावायला गेलो की अरे, वॅगन नाही, व्हीगन, दूधसुद्धा बंद. तर तो म्हणाला, हप्ते भरायचे म्हणून दूध बंद केलं का? शेवटी तोंड बंद करायला मीच पेढे आणले. ते दुधाचे म्हणून मला एकट्याला चालेनात. सगळ्यांनी माझ्या नसलेल्या गाडीचं तोंड गोड केलं आणि मी डबा धरून उभा राहिलो.

इथवर निभावलं असतं. भात, तांदळाची भाकरी आणि लोणचं यांच्यावर माणूस जत्रेपर्यंत काय, वैकुंठापर्यंत जातो. पण माधवीचे रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा रुचिकाने माझंही रक्त द्यायला लावलं आणि त्यात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात बंद, भाकरी बंद, बटाटा बंद, साखरेचं तर नाव नको. प्रोटीन खा. मी विचारलं, म्हणजे काय खाऊ? ते हसून म्हणाले, सोपं आहे हो, अंडी खा, मासळी खा, दही खा. दादा, त्या खुर्चीत मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. टोपातलं देवीने काढून घेतलं आणि ताटातलं डॉक्टरने, मधे उरली ती कोथिंबीर. आणि कामाची जागा कोणती, तर सायझिंग! दिवसभर डोळ्यांसमोर पिठाची खळ शिजते आणि सुताला पाजली जाते, कारण खळ पाजली नाही तर ताण्याचा धागा लूमवर तुटतो. सुताला जे कळतं ते डॉक्टरला कळू नये, असं मनात येतं आणि मी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकतो. (तेही रुचिका मोजून देते. वालाचं बिरडं मागितलं तर म्हणाली, "पप्पा, वालात कार्ब असतात." आपल्या वालात! काय काय घुसलंय बघा.)

मग शोध सुरू झाला. पहिल्यांदा सोयाच्या वड्या आणल्या. भिजवायच्या असतात हे पाकिटावर बारीक अक्षरात होतं आणि चष्मा घरी होता. दुपारच्या सुट्टीत तशाच चावल्या. बॉबिनवरचं सूत खाल्ल्यासारखं वाटलं आणि वर पाणी प्यायलो तर त्या पोटात फुगल्या. बाबूने मला पंख्याखाली आडवा केला. नंतर नाक्यावर सोया चापवाला सापडला. तो म्हणाला, "सेठ, बिलकुल मटन जैसा, खाके देखो." मी खाल्लं आणि खरंच डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "इसमें दूध तो नहीं ना?" तो अभिमानाने म्हणाला, "दूध कायको? अमूल नहीं, असली मलई है! और अंदर मैदा भी एकदम फ्रेश." देवी आणि डॉक्टर दोघांना एका काडीवर फसवून मी घरी आलो आणि नवस मोडल्याच्या धास्तीने देवीपुढे नाक घासून आलो.

टोफू नावाचा पदार्थ रुचिकाने कल्याणहून आणला. दिसायला पनीर, चवीला पावसात भिजलेला खडू. त्याचं पाकीट तिने बाहेरच्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये ठेवलं. माधवीला कमरेला बर्फाची पिशवी लावायला सांगितली आहे. अंधुक उजेडात तिने हात घालून पिशवी काढली आणि तासभर कमरेखाली घेऊन पडली. उठून म्हणाली, ही नवी पिशवी चांगली आहे, मऊ पडते. आमच्या घरात टोफूचा खरा उपयोग तेवढाच झाला. (त्याची भुर्जी मीच खाल्ली. सांगू कोणाला?)

पण खरी परीक्षा चुलत बहिणीच्या, सीताबाईच्या मुलाच्या हळदीला झाली. आगऱ्याची हळद आणि त्यात माझ्या ताटात कोबी! मांडवात जो येईल तो माझ्या ताटाकडे बघून आवाज खाली करायचा. "काय रं मन्या, डॉक्टर काय बोलला? किती दिस हायस?" शेवटी सीताबाईला माझी दया आली. माझ्यासाठी म्हणून तिने कच्च्या फणसाची वेगळी भाजी आणली. पहिला घास घेतला आणि दादा, अंगावर काटा आला. अशी चव फणसाला येते? मी वाटी पुसून खाल्ली, दुसरी मागितली, रुचिकाला हाक मारून सांगितलं की बघ, सापडलं! तेव्हा सीताबाई म्हणाली, "आवडला ना? मटनाच्याच टोपातला रस्सा घातलाय. पन पीस एकबी न्हाय हां, मी सोता निवडलंय." मी मांडवामागे जाऊन काय केलं ते लिहीत नाही. दुसऱ्यांदा देवीकडे नाक घासायला गेलो तेव्हा मला सवय झाली होती, देवीलाही झाली असावी.

असो. तुम्ही तब्येतीला जपा, वहिनींना आणि धाकट्यांना माझा नमस्कार आणि आशीर्वाद ज्याचा त्याला वाटून द्या. खुशाली इतकीच.

तुमचा उपाशी मेव्हणा,
मनोज

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. दादा, त्या संध्याकाळी मी नेमका कोणता शब्द बोललो? "वशाट तोंडात घालणार नाही" असं, की "जनावराचं काही तोंडात घालणार नाही" असं? घाबरलेलो होतो, मला खरंच आठवत नाही, म्हणून मी दोन्ही पाळतो आहे. वशाट म्हणालो असेन तर दूध, दही, तूप मोकळं, कारण दुधाला कोणी वशाट म्हणत नाही. जनावर म्हणालो असेन तर मासळी मोकळी, कारण बोंबलाला कोणी जनावर म्हणत नाही. आणि नीट पाहिलं तर तुमच्या गावात जनावर निघालं म्हणजे साप निघाला. त्या हिशेबाने मी फक्त साप सोडला आहे आणि मटणही मोकळं! साक्षीदार तुम्ही एकटे. घाई करू नका, शांतपणे आठवा, आणि शक्यतो जनावर आठवा.

ता. क. दुसरं : पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहितो. आत्ता स्वयंपाकघरातून वास आला म्हणून गेलो. वॉकर दाराशी ठेवलेला आणि माधवी ओट्याला एक हात धरून उभी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा चुलीशी उभी होती. सुक्या बोंबलाची चटणी करत होती, माझ्यासाठी. म्हणाली, पोरीच्या नादाने किती वाळलास, खा गुपचूप, मी नाही सांगत तिला. मग ओटा सोडून चार पावलं तशीच, काही न धरता चालत आली आणि वाटी माझ्या हातात दिली. मला हुंदका आला. ती म्हणाली, एवढं काय, बोंबील तर आहेत.

दादा, मी खाल्ले नाहीत. डावा पाय अजून जरा ओढते. तुम्हाला काही आठवलं असेल तर आता कळवू नका, दोन्ही शब्द धरतो.

ता. क. शेवटचं : चटणी बरणीत भरून शैलेशकडे दिली आहे. माधवीला सांगितलं, मी खाल्ली. तुम्ही खा, आणि कशी झाली होती ते सविस्तर लिहून पाठवा. मीठ, तिखट, कुरकुरीतपणा, सगळं. ती विचारणार आहे.